जुनी यामाहा एफ ३१० : घेण्याआधीची तपासणी आणि दीड वर्षाचा वापर

मे २०२४ मध्ये मी सांगलीतल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याकडून यामाहाची एफ ३१० ही गिटार ४,८०० रुपयांना विकत घेतली. नव्या तारा, हाडाची सॅडल (खोक्याच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि जाड अस्तराची पिशवी यांवर आणखी अडीच हजार रुपये गेले, त्यामुळे वाद्य वाजवण्याजोगे होऊन हातात येईपर्यंतचा खरा खर्च ७,३०० रुपये झाला. त्या सुमारास हीच गिटार नवी घेतली असती तर दहा हजारांच्या आसपास पडली असती. जुनी घेऊन निम्मे पैसे वाचवले, असे मी घरी सांगितले होते. ते पुरते खरे नव्हते. तरीही दोन पावसाळे आणि मधला एक उन्हाळा ही गिटार जवळपास रोज वाजवल्यानंतर व्यवहार चुकला असे मला वाटत नाही. या परीक्षणात गिटारीइतकेच तिच्या निवडीविषयी लिहिले आहे, कारण एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन गिटारी पाच वर्षे वेगवेगळ्या घरांत काढल्या की सारख्या उरत नाहीत, आणि जुनी गिटार घेणाऱ्याला कंपनीच्या माहितीपत्रकाचा आधार फार थोडा मिळतो.

तरी माहितीपत्रकातल्या काही गोष्टी आधी सांगून टाकतो. एफ ३१० इंडोनेशियात बनते. ड्रेडनॉट आकाराचा मोठा खोका, एकूण २० पडदे (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), चौदाव्या पडद्यापाशी खोक्याला मिळणारी मान, नटापाशी, म्हणजे वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी, मानेची रुंदी ४३ मिलिमीटर आणि नटापासून सॅडलपर्यंत वाजणाऱ्या तारेची लांबी ६३४ मिलिमीटर, अशी तिची मापे आहेत. यामाहाच्याच एफजी ८०० या गिटारीत तारेची ही लांबी ६५० मिलिमीटर असते. दीड सेंटिमीटरचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण तार आखूड असली की त्याच सुरासाठी तिला कमी ताणावे लागते आणि पडदेही किंचित जवळ येतात, त्यामुळे नवशिक्याच्या बोटांना तो पहिल्याच आठवड्यात जाणवतो. ड्रेडनॉट हे नाव १९०६ सालच्या ब्रिटिश युद्धनौकेवरून आले असून मार्टिन या अमेरिकी कंपनीने १९१६ च्या सुमारास या आकाराची गिटार पहिल्यांदा बनवली. खुर्चीत बसून हा खोका मांडीवर घेतला की उजवा खांदा वर उचलावा लागतो, तेव्हा युद्धनौकेची उपमा सार्थ वाटते.

आता तिची सर्वांत जास्त बोलली जाणारी उणीव. तिची वरची पाटी, म्हणजे तंबोऱ्याच्या भाषेत तबली, स्प्रूस लाकडाची असली तरी एकसंध नाही. पातळ थर एकमेकांवर चिकटवून ती बनवलेली आहे. एकसंध पाटी अधिक मोकळी कंप पावते आणि वर्षानुवर्षे वाजवून तिचा आवाज खुलतो, असे जाणकार सांगतात, आणि नवी गिटार घेणाऱ्याने थोडे पैसे वाढवून एकसंध पाटीची घ्यावी या सल्ल्याशी माझे भांडण नाही. जुन्या गिटारीच्या बाबतीत मात्र हिशेब बदलतो. एकसंध पाटी हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते. वाद्य बेपर्वाईने ठेवले असेल तर ती लाकडाच्या रेषेवर तडकते किंवा घोडीच्या, म्हणजे सॅडल जिच्यात बसते त्या लाकडी ठोकळ्याच्या, मागे पोटासारखी फुगून येते. थरांच्या पाटीतले थर एकमेकांना आडवे असल्यामुळे ती हवामानाला कमी दाद देते. आधीच्या मालकाने गिटार कपाटावर टाकली होती, की गाडीच्या डिकीत, की गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, हे आपल्याला कधीच नक्की कळणार नसते. पाच-सहा हजारांच्या किमतीत अशी अज्ञात पूर्वायुष्याची वस्तू घ्यायची असेल, तर थरांची पाटी ही मला उणीव न वाटता विमा वाटते.

पाटी कोणती आहे हे ओळखायला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. ध्वनिछिद्राच्या काठावर बोट ठेवून उजेडात पाहिले, की एकसंध पाटीत वरच्या लाकडाच्या रेषा काठावरून सरळ खाली उतरलेल्या दिसतात, तर थरांच्या पाटीत काठावर निराळ्या रंगाचे पट्टे दिसतात किंवा रेषा मध्येच संपतात. काहीजण हा काठ काळ्या रंगाने माखतात. तेव्हा थर आहेत असे धरूनच किंमत बोलावी.

एफ ३१० मिळण्याआधी मी दोन गिटारी पाहून सोडून दिल्या, आणि जे काही शिकलो ते बहुतांशी त्या दोघींमुळे.

पहिली कोल्हापुरात होती. तिच्या कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण तिला जे झाले होते ते कोणत्याही गिटारीला होऊ शकते. छायाचित्रांत ती आरशासारखी चमकत होती, किंमत साडेतीन हजार होती आणि सोबत पिशवी, पट्टा, कॅपो असा सारा संसार होता. मालक सज्जन गृहस्थ होते, चहाही झाला. पण गिटार वाजवताना पाचव्या पडद्याच्या पुढे तारा दाबायला मनगटाचा जोर लागत होता. मी खिशातून अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी काढली आणि बाराव्या पडद्यावर उभी धरली. पडद्याच्या माथ्यापासून सर्वांत जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर साडेचार मिलिमीटर भरले. पोलादी तारांच्या गिटारीत हे अंतर, ज्याला सगळे ॲक्शन म्हणतात, जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास असेल तर हात सुखी राहतो.

ॲक्शन जास्त आहे म्हटल्यावर त्या गृहस्थांनी मला तेच सांगितले जे प्रत्येक विक्रेता सांगतो: मानेत सळई आहे, ती पिळली की तारा खाली येतात. हा गैरसमज फार पसरलेला आहे म्हणून थोडा विस्तार करतो. मानेतली ती सळई, म्हणजे ट्रस रॉड, तारांच्या ओढीमुळे मानेला आलेला बाक कमी-जास्त करण्यासाठी असते. बारा ते त्रेपन्न (इंचाचे हजारावे भाग) या जाडीच्या नेहमीच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांची एकूण ओढ सुमारे ७० किलो होते. एवढा भार मानेला रात्रंदिवस पुढे ओढत असतो आणि सळई त्याला मागे धरून ठेवते. मान ज्या कोनात खोक्याला चिकटवलेली असते तो कोन मात्र सळईच्या हातात नसतो. वर्षानुवर्षांच्या ओढीने किंवा उष्णतेने सांधा सैल झाला, किंवा खोकाच किंचित दुमडला, की हा कोन बिघडतो, तारा उचलल्या जातात, आणि सळई कितीही पिळली तरी दोष आहे तिथेच राहतो.

बाक आणि कोन यांतला फरक जागेवरच कळतो. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर एकाच वेळी दाबायची आणि सातव्या पडद्याच्या माथ्यावर किती फट उरते ते पाहायचे. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट ठीक असते. कोल्हापूरच्या गिटारीत ही फट अगदी योग्य होती, म्हणजे मान सरळ होती आणि तरीही ॲक्शन साडेचार होती. मग मी एक लांब पट्टी पडद्यांवर मानेच्या मध्यरेषेत आडवी ठेवून घोडीकडे सरकवली. कोन शाबूत असेल तर पट्टीचे टोक घोडीच्या लाकडाच्या वरच्या कडेवर किंवा तिच्या किंचित वर येऊन टेकते. इथे ते घोडीच्या अंगावर, वरच्या कडेच्या बरेच खाली आदळले. शेवटची पाहणी सॅडलची. बाराव्या पडद्यावर एक मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते, कारण बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. साडेचारवरून अडीचवर यायचे म्हणजे सॅडल चार मिलिमीटर खाली न्यायची, आणि इथे ती घोडीबाहेर जेमतेम दीड मिलिमीटर उरली होती. आधी कोणीतरी ती घासून झाली होती, इतकाच याचा अर्थ. मान काढून पुन्हा योग्य कोनात बसवणे हाच इलाज होता, आणि त्याची मजुरी गिटारीच्या किमतीपेक्षा जास्त होते. मी चहाबद्दल आभार मानले आणि एस. टी. पकडली.

दुसऱ्या गिटारीवर एवढा वेळ गेला नाही. ती सांगलीतच, नदीपासून फार दूर नसलेल्या एका घरात होती. आमच्या भागात जुने लाकडी काहीही घेताना एक प्रश्न विचारावा लागतो, जो पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शनपर लेखांत कधी सापडत नाही: ऑगस्ट २०१९ मध्ये ही वस्तू कुठे होती? त्या महापुरात कृष्णेचे पाणी शहरातल्या कितीतरी घरांत शिरले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा आले. पाण्यात राहिलेली गिटार वाळवून, पुसून, नव्या तारा चढवून बाहेरून उत्तम दिसू शकते. मी ध्वनिछिद्रातून मोबाइल आत घालून, दिवा लावून चित्रफीत घेतली. आतल्या कागदी चिठ्ठीच्या खालच्या भागावर तपकिरी लाट उमटलेली होती, कोपऱ्यात मऊ गाळाची रेघ होती आणि खुंट्यांचे स्क्रू गंजलेले होते. बोटाच्या पेराने पाठीवर टकटक केल्यावर एका ठिकाणी फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. आतली आधारपट्टी तिथे सुटली असावी. घरच्यांनी ती गिटार पुरानंतर दुसऱ्याकडून घेतली होती आणि त्यांना यातले काही ठाऊक नव्हते, हे त्यांचे चेहरे पाहून कळले. चित्रफीत त्यांना दाखवणे हे त्या दिवसातले सर्वांत अवघड काम होते.

मधल्या काळात संकेतस्थळांवरच्या जाहिरातींतून आणखी चार-पाच विक्रेत्यांशी बोलणे झाले. त्यांपैकी एकाने गिटार न दाखवताच एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन केल्यावर आगाऊ रक्कम आपोआप 'राखीव' होईल असे सांगितले. वाद्य हातात घेऊन वाजवल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये, आणि जो ते वाजवू देत नाही त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे.

जुनी गिटार शोधायला मे आणि जून हे महिने आमच्याकडे सर्वांत चांगले, कारण शेवटच्या वर्षाची मुले वसतिगृहे सोडतात आणि पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने घेतलेली गिटार गावी परत न्यायची नसते. माझी एफ ३१० अशीच मिळाली. जाहिरातीत सहा हजार रुपये आणि 'दोन वर्षे वापरलेली' असे लिहिले होते. आतल्या चिठ्ठीवरचा क्रमांक पाहिला तेव्हा तो इंग्रजी अक्षरांनी सुरू होत होता. इंडोनेशियात बनलेल्या यामाहा गिटारींवर पहिली दोन अक्षरे वर्ष सांगतात; एच म्हणजे १, आय म्हणजे २, असे करत पी म्हणजे ९ आणि क्यू म्हणजे ०. माझ्या समोरच्या गिटारीवर एच आणि ओ होते, म्हणजे ती २०१८ ची होती. मी हे सांगितल्यावर तो मुलगा गोंधळला आणि मग म्हणाला, "काका, मी ती सीनियरकडून घेतली होती. माझ्याकडे दोनच वर्षं आहे." तो खोटे बोलत नव्हता, त्याच्या दृष्टीने गिटारीचे वय त्याच्या खोलीत सुरू झाले होते. पण गिटार २०१८ ची आहे म्हटल्यावर पुराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. मोबाइल पुन्हा आत गेला. चिठ्ठी स्वच्छ होती, आधारपट्ट्यांवर कारखान्यातले डिंकाचे ओघळ होते तसेच होते, आणि वास फक्त धुळीचा होता.

तारा लाल-काळ्या पडल्या होत्या. गंजलेल्या तारांवर गिटारीच्या आवाजाचा निर्णय करता येत नाही, म्हणून आवाज बाजूला ठेवून मी मोजता येण्यासारख्या गोष्टी मोजल्या. ॲक्शन जाड तारेखाली ३.२ मिलिमीटर होती, म्हणजे जास्तच. पण सातव्या पडद्यावरची फट दोन कार्डे बसतील एवढी होती, लांब पट्टीचे टोक घोडीच्या वरच्या कडेवर अचूक टेकत होते आणि सॅडल जवळपास चार मिलिमीटर बाहेर होती. हा कोल्हापूरच्या बरोबर उलटा निकाल होता. दोष होता, पण तो सळईच्या पाव फेऱ्याने आणि कानशीच्या दहा मिनिटांच्या कामाने जाणारा होता. सळईची चावी मी बरोबर नेली होती. मुलाची परवानगी घेऊन ती ध्वनिछिद्रातून लावून अगदी किंचित हलवून पाहिली, आणि सळई कुरकुर न करता फिरते एवढी खात्री करून घेतली. सळई अडकलेली किंवा आधीच शेवटपर्यंत पिळलेली असेल, तर ती गिटार कितीही देखणी असली तरी मी घेणार नाही.

त्यानंतर घोडीच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहिला. तो कुठेही आत गेला नाही, म्हणजे घोडी पाटीला घट्ट चिकटलेली होती. सहाही तारा एकेका पडद्यावर दाबून वाजवल्या, म्हणजे एकूण १२० सूर झाले. वसतिगृहाच्या मार्गिकेत क्रिकेट चालू असताना हे काम सोपे नसते, पण एखाद्याच पडद्यावर होणारी खरखर दुसऱ्या कोणत्याही रीतीने सापडत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेखाली पहिल्या तीन पडद्यांवर झीज होती, नखाला लागेल इतकी खाच, पण खरखर नव्हती. ज्याला फक्त सुरुवातीचे चार कॉर्ड येत होते अशा कोणाच्या तरी हाताची ती सही होती. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून येणारा सूर आणि तीच तार तिथे दाबून येणारा सूर मोबाइलवरच्या ट्यूनरने ताडून पाहिले. जाड तारेत दाबलेला सूर किंचित चढा येत होता, जो इतक्या उंच ॲक्शनला अपेक्षितच असतो. खुंट्यांपैकी चौथी फिरवताना थोडी सैल लागत होती. पडद्यांची झीज, जुन्या तारा आणि ती खुंटी एवढे बोट ठेवून दाखवले, आणि सौदा ४,८०० वर ठरला. यापेक्षा जास्त घासाघीस करणे मला प्रशस्त वाटले नाही, कारण मुलाने एक तास काहीही न लपवता गिटार माझ्या हाती दिली होती.

सळईचे काम मी घरी केले. पाव फेरा घट्ट करून एक रात्र तशीच ठेवली आणि सकाळी पुन्हा पाव फेऱ्याहून कमी. फट एका कार्डावर आली आणि ॲक्शन ३.२ वरून २.९ झाली. उरलेल्या कामासाठी सॅडल आठ दशांश मिलिमीटरने कमी करायची होती, आणि तीही प्लॅस्टिकची असल्यामुळे बदलूनच घ्यावी असे मनात होते. गिटारीचा कारागीर शोधत पुण्याला जाण्यापेक्षा मी दहा किलोमीटरवरच्या मिरजेला गेलो.

मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरे बनवायला सुरुवात केली, आणि तिथल्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या वयस्क कारागिरांकडे मी गेलो, त्यांना सगळे चाचा म्हणतात. गिटार त्यांच्या रोजच्या कामातली नव्हे. त्यांनी ती पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यांच्या ढिगाशेजारी आडवी ठेवली, जुनी सॅडल काढून उजेडात फिरवली आणि पहिला प्रश्न विचारला की हिला जवारी का नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि अगदी अल्प उताराचा असतो. तार त्याला घासत घासत सुटते आणि त्या घासण्यातून तो भरलेला, झणझणीत नाद, म्हणजेच जवारी, निघतो. गिटारीत तार सॅडलच्या एकाच कडेवरून सुटावी लागते. माथा सपाट झाला तर जो नाद चाचांना हवाहवासा वाटतो, तोच गिटारवाल्याला बिघाड वाटतो. हे मी समजावत असताना ते हसत होते, कारण जवारी काढणे त्यांना लावण्याइतकेच येत होते. माझ्या विनंतीप्रमाणे त्यांनी हाडाची नवी पट्टी जुन्या सॅडलवर ठेवून तिचा वरचा बाक उतरवून घेतला, उंची मात्र खालच्या बाजूने घासून कमी केली, आणि खालची बाजू काचेवर ठेवलेल्या कागदावर घासून इतकी सपाट केली की तिच्याखालून उजेड दिसत नव्हता. घोडीला नाद पोचतो तो या खालच्या स्पर्शातून, असे ते म्हणाले. पाचशे रुपये घेतले. ॲक्शन अडीचवर आली आणि जाड तारेचा बारावा पडदा सुरात आला.

आवाजाविषयी माझे मत असे. नव्या तारा आणि हाडाची सॅडल यांवर ही गिटार स्वच्छ, उघडी आणि किंचित पातळ वाजते. मधल्या तीन तारांत ताकद आहे, खर्जात खोली कमी आहे. भावगीताला किंवा अभंगाला साथ करताना, जिथे गाणाऱ्याचा आवाज पुढे राहायला हवा, तिथे हा पातळपणा उपयोगी पडतो. एकट्याने बोटांनी वाजवताना तीच गोष्ट खटकते, कारण सूर लवकर विझतो. शेजारच्या मित्राची एकसंध पाटीची गिटार लागोपाठ वाजवली की फरक झाकून राहत नाही. हाडाच्या सॅडलमुळे मोठा कायापालट झाला असे सांगणारे लेख मी वाचले होते. मला फरक जाणवला तो मुख्यतः तारा सुटताना येणाऱ्या स्पष्टपणात, आणि त्यातला बराचसा वाटा नव्या तारांचा असणार.

हवामानाच्या बाबतीत मात्र तिने माझी अपेक्षा पूर्ण केली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ॲक्शन अडीचवरून २.८ वर गेली आणि दिवाळीनंतर आपोआप अडीचवर परतली. मी सळईला हात लावला नाही. यंदाच्या पावसाळ्यातही हेच झाले. पाटी कुठे फुगली नाही, घोडीखाली आजही कागद जात नाही. एप्रिल-मेमध्ये फिंगरबोर्डचे लाकूड कोरडे होऊन पडद्यांची टोके तळहाताला किंचित टोचू लागली होती. ती बारीक कानशीने आठवणीने गोल करून घेतली. बंद पिशवीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या मी फक्त जून ते सप्टेंबर ठेवतो आणि उन्हाळ्यात काढून टाकतो, कारण निम्मी ओली आणि निम्मी कोरडी, म्हणजे ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेची हवा लाकडाला मानवते, आणि आमच्या मे महिन्यात ती मुळातच कमी असते.

तक्रारीही आहेत. चौथी खुंटी अजून सैल आहे. ती तार दर दोन दिवसांनी उतरते, आणि सहाच्या सहा खुंट्या बदलण्याचा खर्च मी पुढे ढकलत आलो आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला हा खोका पेलत नाही. तिचा हात वरून तारांपर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे लहान मुलासाठी कोणी ही गिटार शोधत असेल तर आकारातच निर्णय चुकेल. दहा ते सत्तेचाळीस या जाडीच्या हलक्या तारा लावून पाहिल्या, ज्यांची ओढ ६० किलोच्या आत येते. बोटांना आराम मिळाला, पण आधीच पातळ असलेला आवाज आणखी पातळ झाला आणि ओढ घटल्यामुळे मान मागे सरून पहिल्या दोन पडद्यांवर खरखर आली. महिन्याभरात मी बारा ते त्रेपन्नच्या तारांवर परतलो.

किमतीविषयी विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो की मान, घोडी आणि सळई ठीक असलेल्या एफ ३१० ला साडेपाच हजारांपर्यंत द्यायला हरकत नाही. त्याच्या वर गेलात तर दुरुस्ती धरून नव्या गिटारीच्या इतके जवळ पोचाल की नवी घेतलेली बरी. बिलासह एक-दोन वर्षांची आणि न झिजलेली मिळाली तर आणखी पाचशे. दिसण्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नये. माझ्या गिटारीच्या खोक्यावर कोणीतरी चाकूने एका मुलीचे आद्याक्षर कोरलेले आहे, आणि ते आवाजात कुठेही ऐकू येत नाही.

दुसऱ्या तारेखाली तिसऱ्या पडद्यावरची खाच आता अधिक खोल झाली आहे. तो पडदा घासून सपाट केला तर वर्षभर निघेल, आणि पहिले पाच पडदे बदलायला पुण्यातल्या एका कारागिराने तीन हजार रुपये सांगितले आहेत. तेवढा खर्च हिच्यावर करायचा की एकसंध पाटीच्या जुन्या गिटारीकडे वळायचे, हे येत्या मेमध्ये ठरवीन. विकली, तर जाहिरातीत दीड वर्ष वापरलेली असे न लिहिता २०१८ ची असे लिहीन, आणि चौथ्या खुंटीचे जवळून काढलेले छायाचित्रही टाकीन.